पाठीवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. पण विंचवी पाठीवर वाहते ती पिल्ले. खरोखरीचे घर पाठीवर घेऊन हिंडणारा प्राणी निराळाच आहे. समुद्रकाठी पडलेला एखादा शंख एकाएकी चालू लागतो ना, त्याच्या आतला खेकडा! मेलेल्या गोगलगाईच्या शंखात हा बिऱ्हाड थाटतो. इंग्रजीत त्याला 'हर्मिट', म्हणजे संन्यासी, असे नाव पडले.

गेल्या उन्हाळ्यात न्यू जर्सीहून माझ्या भाचीचा फोन आला. "मामा, हर्मिट क्रॅबला मराठीत काय म्हणायचं?" तिच्या लेकीने तिथल्या किनाऱ्यावरच्या दुकानातून असा एक खेकडा आणला होता. रंगवलेला शंख आणि तारेचा पिंजरा यांसह. "ओला स्पंज ठेवा, चिमूटभर खाणे टाका, बाकी याला काही लागत नाही," असे दुकानदाराने बजावले होते. खरेच आहे, संन्याशाला काय लागणार! पण मराठीच्या मास्तराला शब्द विचारला की तो अर्थाच्या मागे लागतो. मी वाचू लागलो आणि ध्यानात आले की या संन्याशाचा प्रपंच तुमच्याआमच्यापेक्षा मोठा आहे.

पहिली गोष्ट श्वासाची. हा जमिनीवर राहतो. पण श्वास घेतो तो कल्ल्यांनी. कवचाच्या दोन्ही बाजूंना कप्पे असतात आणि त्यांत हे कल्ले. हवेतला प्राणवायू आधी कल्ल्यांवरच्या ओलाव्यात विरघळतो, मगच रक्तात उतरतो. शंखात दडलेल्या पोटाची पातळ त्वचाही त्याला श्वासाच्या कामी येते. म्हणून तो शंखात थोडे पाणी बाळगून असतो. त्याची झोपडी तीच, कमंडलूही तोच! कमंडलू आटला, कल्ले सुकले, की भोवती हवा असून याचा जीव गुदमरतो. उलट फार वेळ पाण्यात बुडवून ठेवला तर बुडून मरतो. पाणी हवे, पण बेताने.

आता तारेच्या पिंजऱ्यात ओलावा टिकणार कसा? कोरड्या खोलीत हा जीव आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही, झिजत राहतो. मग घरची माणसे म्हणतात, त्याचे आयुष्यच तेवढे. मंडळी, योग्य निगा राखली तर हा प्राणी वीस-तीस वर्षेही जगू शकतो!

संन्याशाच्या लग्नाला शेंडीपासून तयारी, तशी याचीही आहे. त्याला झाकणाची काचपेटी हवी. आतली आर्द्रता 75 ते 80 टक्के आणि उष्णता 24 ते 28 अंश सेल्सियस असावी. पाण्याची भांडी दोन ठेवावीत: एक क्लोरीन काढलेल्या गोड्या पाण्याचे, दुसरे समुद्री मिठाचे, स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. दोन्हींतून चढून बाहेर येण्यासाठी खडे घालावेत. तळाशी वाळू आणि नारळाच्या काथ्याचा भुसा यांचा निदान 15 सेंटिमीटर थर द्यावा. तो किती ओला असावा? बेसनाच्या लाडवासारखा मुठीत वळला जावा, पण पाणी गळू नये. कात टाकताना हा खेकडा याच थरात स्वतःला गाडून घेतो आणि कित्येक आठवडे वर येत नाही. मेला समजून उकरू नये. तेव्हा त्याचे अंग लोण्यासारखे मऊ असते. टाकलेली कात तो स्वतःच खातो आणि नव्या कवचाची बेगमी करतो. वाढत्या अंगासाठी थोडे मोठे, न रंगवलेले रिकामे शंखही जवळ ठेवावेत.

आणि सोबत! जमिनीवरच्या या खेकड्यांचे शास्त्रीय नाव 'सीनोबिटा'. त्याच्या मुळाशी 'सामाईक' आणि 'जीवन' या अर्थांचे ग्रीक शब्द आहेत. मठात एकत्र राहणारे यती ते सीनोबाइट. एकटा संन्यासी म्हणणाऱ्यांपेक्षा हे नाव ठेवणारा खरा! मोठा शंख सापडला की हे खेकडे उंचीप्रमाणे रांग लावतात. पहिला मोठ्या घरात शिरतो, दुसरा त्याच्या घरात, तिसरा दुसऱ्याच्या. बिऱ्हाडे बदलण्याची इतकी शिस्त आपल्या चाळींनीही कधी पाहिली नसेल.

भाचीने पिंजरा टाकून काचपेटी घेतली आहे. मात्र तिला एक गोष्ट कळली आणि ती मलाही बोचते. पाळीव अवस्थेत यांची वीण जवळजवळ होतच नाही, कारण पिल्लांचे बालपण समुद्रात तरंगत जाते. म्हणजे अमेरिकेतल्या दुकानात दिसणारा जवळजवळ प्रत्येक खेकडा कुठल्यातरी किनाऱ्यावरून, बहुधा कॅरिबियन बेटांवरून, उचलून आणलेला. काचपेटी कितीही नीटनेटकी केली, तरी ते परक्या घरचे बिऱ्हाडच.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्यापैकी कित्येकजण गुहागरला, मालवणला जातील. तिथल्या खडकांतल्या डबक्यांत असे खेकडे मुलांना हमखास दिसतील. ते तर समुद्राच्या पाण्यातलेच. बरणीत घालून मुंबई-पुण्याला आणले तर क्वचितच जगतात. पोरांना ते मनसोक्त पाहू द्यावेत आणि तिथेच सोडायला सांगावे. आणि शोभेसाठी पिशवीभर शंख गोळा केले असतील, तर त्यांतले चार चांगले शंख वाळूवर परत ठेवावेत. घराच्या शोधात कुणीतरी तिकडून येत असेल.