तपासणीच्या दिवसाची न्याहारी

शेतकीच्या मासिकांत बियाणें, खतें, पाटाचें पाणी आणि बाजारभाव यांचीच चर्चा मुख्यत्वें व्हावी, हें आम्हांस मान्य आहे. तथापि ज्या घरांत हें मासिक वाचलें जातें त्या घरची सून गरोदर असेल, किंवा त्या घरच्या रानांत खुरपणीस येणारी मजूर बाई सहा महिन्यांची गरोदर असेल, तर तिच्या पोटांत काय जातें हा प्रश्न शेतकऱ्याच्या कक्षेबाहेरचा आहे, असें आम्ही मानीत नाहीं. जें धान्य आपण पिकवितों त्याचा पहिला उपयोग खाणें हा आहे. विकणें हा दुसरा.

आजकाल खेडोपाडीं महिन्यांतून एक दिवस गरोदर स्त्रियांस अंगणवाडींत एकत्र बोलावितात. परिचारिका वजन व रक्तदाब पाहते, लोहाच्या गोळ्या देते, आशाताई चार गोष्टी समजावून सांगतात. याखेरीज 2016 सालापासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखालीं दर महिन्याच्या 9 तारखेस सरकारी दवाखान्यांत डॉक्टरांकडून तपासणी होते. व्यवस्था चांगली आहे. महसूल खात्याच्या कारकुनींत आम्हांस पुष्कळ गांवें हिंडावीं लागलीं, आणि चावडीच्या ओट्यावरून अंगणवाडी बहुधा दिसत असल्यामुळें हा दिवस आम्हीं अनेक वेळां पाहिला आहे. बायका घरच्या सगळ्यांच्या भाकरी थापून, स्वतः कपभर चहा घेऊन निघतात. परिचारिकेकडे अनेक गांवें. तिला येण्यास अकरा वाजतात. शेवटच्या बाईची पाळी येईपर्यंत दुपार उलटते. मधल्या वेळांत मिळालाच तर आणखी एक कप चहा व मैद्याच्या बिस्किटांचा पुडा. आहार कसा घ्यावा यावरील व्याख्यान बायका उपाशीं पोटीं ऐकतात, आणि याचें कोणास कांहीं वाटत नाहीं.

2019 ते 2021 या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत देशांतील शंभर गरोदर स्त्रियांपैकीं 52 जणींच्या अंगीं रक्त कमी असल्याचें आढळलें. यावर गोळ्या हाच मुख्य उपाय होय व तो कोणीहि टाळूं नये. परंतु चहा घेतल्याबरोबर गोळी घेतली, कीं चहांतील तुरट द्रव्य लोहास अंगीं लागूं देत नाहीं. तेंच लिंबू, आवळा किंवा पेरू यांतील आंबट सत्त्व लोह शोषून घेण्यास मदत करतें. म्हणजे तपासणीच्या दिवशीं आपण बायकांना जें देतों तें गोळीच्या विरुद्ध, आणि जें बांधावर पिकून पडतें तें गोळीस अनुकूल.

या विषयांत आपल्या प्रांताचा एक जुना संबंध आहे, तो शेतकऱ्यांस ठाऊक असावा. लूसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी 1928 सालीं मुंबईस आल्या व तेथील गरोदर स्त्रियांस, विशेषतः गिरणींत काम करणाऱ्या गरीब बायकांस, जडणाऱ्या रक्तक्षयाचा त्यांनीं अभ्यास केला. त्याचें मूळ निकृष्ट आहारांत आहे व किण्वाचा म्हणजे यीस्टचा अर्क खाऊं घातल्यानें तो बरा होतो, असें त्यांनीं 1931 सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य पुढें फॉलिक आम्ल म्हणून ओळखलें गेलें. आज जगभर गरोदर स्त्रियांस जी गोळी देतात तिचा उगम असा मुंबईच्या गिरणगांवांत आहे. हेंच द्रव्य हरभऱ्यांत व हिरव्या पालेभाज्यांत निसर्गतः असतें. हरभरा काढणारी बाई स्वतः तो कितीसा खाते, हें ज्याचें त्यानें आपल्या खळ्यावर पाहावें.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, कीं सरकार शिधा देतें, मग शेतकऱ्यांनीं कां द्यावें? एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजीं सुरू झाली, व तिच्यांतून गरोदर स्त्रियांस घरीं नेण्याचा शिधा मिळतो, ही गोष्ट खरी. आदिवासी भागांत 2015 पासून अमृत आहार योजनेंत शिजविलेलें जेवणहि मिळतें. पण घरीं नेलेला शिधा घराचा होतो. तो कढईंत पडला, कीं सासऱ्याच्या, दिराच्या व पोरांच्या ताटांतून उरलेला भाग त्या बाईच्या वांट्यास येतो. यांत कोणाची दुष्टता नाहीं. बाईनें मागाहून जेवावें ही आपली रीत आहे. अंगणवाडीच्या ओसरीवर बसून जें खाल्लें जाईल, तेवढेंच खात्रीनें तिचें. शिवाय दहा जणी एके ठिकाणीं बसून खातात तेव्हां बोलतात. पाय सुजतात, डोळ्यांपुढें अंधारी येते, ह्या गोष्टी परिचारिकेपुढें न निघणाऱ्या तोंडून अशा वेळीं सहज निघतात. अमेरिकेंत आठ-बारा गरोदर स्त्रियांस एकत्र बसवून तपासणी व शिक्षण देण्याची एक पद्धत 1990 नंतरच्या दशकांत रूढ झाली. त्या बैठकींतहि एकत्र खाणें हा भाग ठेविलेला आहे. आपल्याकडे बैठक आहे, खाणें मात्र नाहीं.

दुसरा आक्षेप घरांतील वडीलधाऱ्या बायकांचा. गरोदर बाईनें फार खाल्लें तर मूल मोठें होतें व बाळंतपण अडतें, असें त्या म्हणतात. या समजुतीपायीं शेवटच्या तीन महिन्यांत, जेव्हां अधिक खावयास हवें, तेव्हांच ताट आखडतें. आम्ही शेतकरी वाचकांस इतकेंच विचारतों कीं, गाय गाभण राहिली व शेवटचे दोन महिने आले म्हणजे आपण पेंड वाढवितों कीं कमी करितों? ही तुलना कोणास खटकेल. पण खटकावी अशीच ती आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणें गरोदरपणीं रोज सुमारें 350 उष्मांक अधिक लागतात, आणि शेवटच्या तिमाहींत प्रथिनें 22 ग्रॅम जादा लागतात. सातव्या महिन्यांत आपण डोहाळजेवण करितों, हिरवी साडी नेसवून ओटी भरितों, पंचपक्वान्नें वाढितों. प्रथा गोड आहे, ती चालावी. पण त्या एका पंगतीचा खर्च नऊ महिन्यांत वांटला असता तर बाईच्या अंगीं अधिक लागला असता, असें आम्हांस वाटतें.

आतां हिशेब. जन्मभर दुसऱ्यांच्या जमिनींचे आकडे मांडले, तेव्हां हा एक मांडतांना आम्हांस कंटाळा नाहीं. दीड हजार वस्तीच्या गांवीं एका वेळीं पंधरा ते वीस गरोदर स्त्रिया असतात. आपण वीस धरूं. प्रत्येकीस 30 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे व 20 ग्रॅम गूळ यांचा लाडू, 40 ग्रॅम हरभऱ्याची शिजवलेली उसळ, वर अर्धें लिंबू अथवा एक पेरू. शेंगदाण्यांत वजनाच्या सुमारें चौथा हिस्सा, व हरभऱ्यांत पांचवा हिस्सा प्रथिनें असतात. म्हणजे एवढ्या न्याहारींत पंधरा ग्रॅमांच्या आसपास प्रथिनें झालीं. 2025-26 च्या हंगामासाठीं भुईमुगाच्या शेंगेचा हमीभाव क्विंटलास 7263 रुपये होता. शेंगेंतून दाणा शेंकडा 70 धरला तर दाणा किलोस सुमारें 104 रुपये पडतो, व 30 ग्रॅमांस तीन रुपये दहा पैसे. हरभरा 5650 रुपये क्विंटल या हमीभावानें 40 ग्रॅमांस सव्वादोन रुपये. गूळ किलोस 50 रुपये धरल्यास एक रुपया. तेल, मीठ, लिंबू व जळण धरून दहा रुपयांच्या आंत काम होतें. बिस्किटाच्या पुड्यास व चहास याहून फार कमी लागत नाहीं.

पण रोख पैसा काढावयाचाच कशाला? बारा महिन्यांच्या 240 न्याहाऱ्यांस शेंगा लागतात साडेदहा किलोंच्या आंत, हरभरा दहा किलोंच्या आंत, गूळ पांच किलोंच्या आंत. चाळीस खातेदारांनीं सुगींत प्रत्येकीं पाव किलोच्या थोड्या वर शेंगा, पाव किलो हरभरा व गुळाचा एक लहान खडा दिला कीं वर्ष निघालें. खळें झाडतांना मातींत याहून अधिक जातें. बाजरी-नाचणीच्या मुलखांत लाडू नाचणीचा करावा. तिच्या शंभर ग्रॅमांत साडेतीनशे मिलिग्रॅमांच्या सुमारास चुना असतो, तितका दुसऱ्या कोणत्याहि नित्याच्या धान्यांत नाहीं. ज्यांस चालतें त्यांस एक उकडलेलें अंडें द्यावें. त्यासारखें सोपें व स्वच्छ खाणें दुसरें नाहीं, कारण त्याचें टरफल खाणारणीनेंच काढावयाचें असतें.

देणाऱ्यांस कांहीं गोष्टी निक्षून सांगणें आवश्यक आहे, कारण दान म्हटलें कीं घरांतलें उणें-दुणें बाहेर काढण्याकडे माणसाची प्रवृत्ति असते. बुरशी चढलेले, काळवंडलेले किंवा खवट दाणे अजिबात देऊं नयेत. ओल्या शेंगेवरील बुरशीचें विष भाजल्यानें पुरतें जात नाहीं. पेरणीसाठीं औषध चोळलेलें बियाणें उरलें असेल तर तें धुऊनहि खाण्यांत येतां कामा नये. कीटकनाशकाचा डबा कितीहि घांसला तरी त्यांत पाणी किंवा धान्य भरूं नये. मोड आणलेलें कडधान्य लोहाच्या दृष्टीनें फार चांगलें, पण गरोदर बाईस तें कच्चें न देतां नीट शिजवून द्यावें. जिची साखर वाढलेली आहे तिला लाडू नको. उसळ व अंडें पुरे. ज्या दिवशीं साखरेची तपासणी असेल त्या दिवशीं न्याहारी केव्हां वाढावी तें परिचारिकेस विचारून ठरवावें. आणि चहा तास-दीड तास तरी गोळीपासून दूर ठेवावा. चहा बंद करा असें आम्ही म्हणत नाहीं. म्हटलें तरी कोण ऐकणार!

सर्वांत अवघड गोष्ट शेवटीं राहिली. ही न्याहारी कोण शिजविणार व कोण कोणाशेजारीं बसणार? गांवच्या पाटलाची सून आणि वस्तीवरची मजूर बाई एकाच वजनकाट्यावर उभ्या राहतात, त्यास हरकत नाहीं. पण उसळीचें पातेलें आलें म्हणजे एखादीस घरून डबा येतो, एखादी उपास असल्याचें सांगते. आमच्या मतें येथें संघाच्या सभासदांनीं आपल्या घरांत स्पष्ट बोलावें. पातेलें एक, पंगत एक, आणि अंगणवाडींत जी मदतनीस असेल तिच्या हातचें. ज्यास हें मान्य नसेल त्यानें शेंगा देऊं नयेत. त्याच्या शेंगांवांचून कांहीं अडणार नाहीं. मोठ्या घरच्या सुना जेथें बसणार नाहींत तेथें ती न्याहारी गरिबांची खिरापत ठरेल, आणि मग मजूर बायकाहि अपमान गिळून खाण्याऐवजीं न खातांच घरीं जातील.

तसेंच मजुरीचें. तपासणीस गेलेल्या बाईचा अर्धा रोज कापण्याची चाल बागाईतदारांत आहे. लाडू एका हातानें द्यावयाचा व दुसऱ्या हातानें त्याच्या अनेकपट रक्कम काढून घ्यावयाची, हा व्यवहार आम्हांस समजत नाहीं. महिन्यांतून एक दिवस तिचा रोज पूर्ण धरावा. ऊसतोडीच्या टोळ्यांतील बायका तर दिवाळीच्या सुमारास गांव सोडतात व उन्हाळा लागतांना परततात. त्यांचीं नांवें एका गांवच्या वहींत, पोट दुसऱ्या गांवच्या फडांत. ज्यांच्या रानांत ऊस उभा आहे, त्यांनीं त्या चार-पांच महिन्यांत आपल्या गांवच्या तपासणीस टोळींतील गरोदर बायकांस नेण्याची व तेथील न्याहारींत त्यांस धरण्याची व्यवस्था करावी. कोयता कोणत्या जिल्ह्यांतून आला हें तेथें विचारूं नये.

हिशेबासाठीं एक शंभर पानी वही अंगणवाडींत ठेवावी. डाव्या पानावर आलेला जिन्नस, उजव्या पानावर तारीख, किती जणी जेवल्या व काय शिल्लक राहिलें. देणाऱ्यांच्या नांवांचा फलक लावूं नये. येत्या सुगीच्या आधीं ज्या गांवीं वीस खातेदार तयार होतील, तेथें वही आंखून देण्याचें काम आम्ही स्वतः करूं.