घरे पाहिली, गाव राहिले

सहलीहून परतलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो तो "काय काय पाहिलेत?" असा. तोही उत्साहाने नावांची यादी म्हणून दाखवतो आणि यादी जितकी लांब तितकी सहल यशस्वी, असे दोघेही धरून चालतात. माझा आक्षेप या हिशेबालाच आहे. तुर्कस्तानातले साफ्रानबोलू नावाचे लहानसे गाव पाहिल्यापासून तो अधिकच पक्का झाला आहे.

अंकाराच्या उत्तरेस, बसने तीनेक तासांवर, काळ्या समुद्राच्या अलीकडील डोंगराळ मुलखात हे गाव वसले आहे. तेराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या आरंभी आगगाडी येईपर्यंत पूर्व-पश्चिम व्यापाराच्या वाटेवर उंटांचे तांडे येथे मुक्काम करीत. ऑटोमन सुलतानांच्या अमदानीत व्यापारावर गबर झालेल्या कुटुंबांनी येथे टोलेजंग घरे बांधली. 1994 साली गावाला जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले ते प्रामुख्याने या घरांमुळे. तळमजला दगडी, वरचे मजले लाकडी चौकटीत कच्च्या विटा भरून उभारलेले आणि गल्लीवर किंचित पुढे आलेले. बायकांचा भाग वेगळा, पुरुषांचा वेगळा. मधल्या भिंतीत फिरते कपाट असे. आतून ताट ठेवून कपाट फिरवले की ते पलीकडे पाहुण्यांपुढे येई, आणि वाढणारीचा चेहरा मात्र कोणास दिसत नसे. आपल्या वाड्यांतही माजघर आणि ओसरी यांच्यामध्ये मर्यादा होती. पण तिच्यासाठी सुताराला एवढे राबवलेले मी पाहिले नव्हते.

प्रवासी सकाळी येतो. जिंजी हान ही सतराव्या शतकातील दगडी सराई, 1661 मधील कोप्रुलू मेहमेद पाशाची मशीद आणि जोडे करणाऱ्यांची जुनी पेठ पाहतो, टेकडीवरून छायाचित्रे काढतो, लोकुम नावाच्या मऊ मिठाईची पेटी घेतो आणि दुपारच्या गाडीने परततो. त्याने घरे पाहिली हे खरेच. पण गाव?

साफ्रानबोलू हे वास्तविक तीन जागी मिळून झालेले गाव आहे. चार्शी, म्हणजे बाजार, खोलगट दरीत आहे. तेथे थंडीत वारा लागत नाही, म्हणून हिवाळा तेथे काढायचा. उन्हाळा लागला की सारे बिऱ्हाड उचलून उंचावरच्या बाआलारला जायचे. बाग म्हणजे तुर्कीत द्राक्षमळा, आणि बाआलार म्हणजे मळेच मळे. ऐपतदार कुटुंबाला दोन घरे असत, एक थंडीचे आणि एक उन्हाचे. चार्शी पाहून परतणाऱ्याने कुटुंबाचे अर्धेच वर्ष पाहिलेले असते. मी चढण चढून बाआलारला गेलो तेव्हा भिंतीवरून डोकावणाऱ्या फांद्यांखेरीज स्वागताला कोणी नव्हते. तिकीट नाही, पाटी नाही, म्हणून प्रवासीही नाही.

पाण्याचेही तेच. गावाच्या उत्तरेस चुनखडीच्या खडकात ओढ्याने तोकातली नावाची खोल घळ कोरली आहे. तिच्या आरपार इन्जेकायाचा दगडी जलसेतू उभा आहे. गावचाच सुपुत्र, पुढे सुलतानाचा वजीर झालेला इज्जेत मेहमेद पाशा, याने अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याची दुरुस्ती केली. या सेतूवरून पाणी गावाकडे नेले होते. काही श्रीमंतांच्या तर दिवाणखान्यातच हौद असत. दरीवर अलीकडे काचेचा सज्जा बांधला आहे. माणसे त्यावर उभी राहून स्वतःच्या पायांखालची छायाचित्रे काढतात. सेतूकडे पाठ असते. काच वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. पण ज्या पाण्यावर गाव जगले ते शोभेचे आणि काच मुख्य, हा क्रम मला उलटा वाटतो.

आता तिसरी जागा, किरानकोय. येथे ग्रीक ख्रिस्ती राहत. 1923 साली तुर्कस्तान आणि ग्रीस यांच्यात लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार झाला आणि ही वस्ती उठली. दोन्ही देशांत मिळून पंधरा लाखांच्या आसपास माणसांनी घरे सोडली. कोणी कोठे जायचे हे धर्मावरून ठरले; घरात कोणती भाषा बोलतात ते कोणी विचारले नाही. त्यामुळे तुर्कीखेरीज दुसरी भाषा न येणारे अनातोलियातले ख्रिस्ती ग्रीसला गेले आणि ग्रीक बोलणारे क्रीट बेटावरचे मुसलमान तुर्कस्तानात आले. किरानकोयचे चर्च पुढे मशीद झाले. प्रवासी बसमधून नेमका येथेच उतरतो आणि इकडेतिकडे न पाहता चार्शीचा उतार धरतो. मराठी आणि कन्नड पाने एकाच दोऱ्याने शिवलेल्या या अंकासाठी हे वाक्य लिहिताना माझी लेखणी क्षणभर थांबली.

एवढी घरे टिकली कशी? "पूर्वजांबद्दलचा आदर" हे मार्गदर्शकाचे ठरलेले उत्तर. मला ते अर्धवट वाटते. जवळच्या काराब्युकला 1937 साली पोलादाच्या कारखान्याचा पाया घातला गेला. नोकऱ्या तिकडे, नव्या इमारतीही तिकडे. जुन्या गावात पाडापाडी करून बांधण्याची निकड फारशी कोणाला राहिली नाही. जतनाचे जाणीवपूर्वक प्रयत्न 1970 नंतरचे. म्हणजे या घरांच्या आयुष्यात धुरांड्याचाही वाटा आहे, आणि तो सांगितल्याने गावाला कमीपणा येत नाही.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून द्यावे, तर आपले विजापूर जवळच आहे. तेथील मुलूख मैदान तोफ 1549 साली अहमदनगरला ओतली ती मुहम्मद बिन हसन रूमी याने. रूमी म्हणजे ऑटोमन मुलखातला. तोफेवर हात ठेवून छायाचित्र काढून घेणाऱ्या किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक असते? गोलघुमटात आपण शिट्ट्या मारून प्रतिध्वनी मोजतो. पण तोरवीहून आणि 1651 च्या बेगम तलावातून जमिनीखालच्या नळांनी एवढ्या मोठ्या राजधानीला पाणी कसे पुरवले जात होते, ते पाहावयास कोणती सहल थांबते?

म्हणून आमच्या सहल समितीपुढे मी लेखी सूचना ठेवली आहे. यंदा विजापूर, बदामी, पट्टदकल, ऐहोळे हे सारे दोन दिवसांत उरकू नये. दोन्ही दिवस विजापूरलाच द्यावेत. पहिल्या दिवशी इमारती पाहाव्यात, दुसऱ्या दिवशी बेगम तलावापासून शहराकडे पाण्याच्या वाटेने पायी यावे. समितीतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी "मुले कंटाळतील" असा शेरा मारला आहे. मुलांनीच आपले मत सूचनापेटीत टाकावे. बैठक पुढच्या शनिवारी आहे.