संशयाची वहिवाट

३ ऑक्टोबर २०२४ ला, गुरुवारी, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला आणि महाराष्ट्र हरखून गेला. आनंद रास्तच आहे. पण त्याच दिवशी तुरुंगांतल्या जातिभेदावर सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल त्या जल्लोषात मागे पडला, हे मुळीच रास्त नाही. जात पाहून कैद्याच्या हाती झाडू देणारे नियम घटनाबाह्य ठरले. नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला. विमुक्त जमातींना जन्मजात सराईत गुन्हेगार समजणाऱ्या तरतुदीही गेल्या.

हा निकाल धुळे जिल्ह्याने सर्वांत आधी वाचायला हवा, कारण राईनपाडा याच जिल्ह्यात आहे.

१ जुलै २०१८. रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे साक्री तालुक्यातल्या त्या गावात भिक्षेसाठी आली होती. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, एवढे निमित्त पुरले. ‘पोरं पळवणारी टोळी’ अशी ओरड झाली. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मरेपर्यंत मारले. गावाचा कारभार जिथून चालतो, त्या खोलीत पाच मुडदे पडले.

नंतर सगळे खापर मोबाइलवर फुटले. त्या काळात देशभर फिरलेली एक क्लिप मूळची कराचीतल्या बालसुरक्षा मोहिमेची होती. मूल सुखरूप परत येते तो शेवट कुणीतरी कापून टाकला होता. क्लिप खोटी होती, हे खरे. पण ती खरी वाटावी इतका संशय मनात आधीच मुरलेला होता, त्याचे काय? १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांच्यामागे पोलिसांची हजेरी लावली. १९५२ मध्ये तो कायदा गेला. १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला आणि जुनी नजर नव्या नावाने चालू राहिली. कुठली जमात गुन्हेगार जमातींच्या यादीत होती, कुठली नव्हती, हे गाव विचारत बसत नाही. पाल टाकून राहणारा तो चोर, एवढेच गावाला ठाऊक असते.

राईनपाडा आदिवासी गाव आहे. खानदेशातल्या भिल्लांनाही इंग्रजांनी लुटारूच म्हटले होते. ज्यांनी असा शिक्का सोसला, त्यांच्या गावातही तो दुसऱ्यावर मारला जातो, इतका तो खोल रुजला आहे. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेत मारले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये जत तालुक्यातल्या लवंग्यात चार साधूंना मुले पळवणारे समजून बेदम मारले. राईनपाड्यातून आपण काहीही शिकलो नाही.

सरकारी कचेरीतही हीच नजर भेटते. ज्यांचे बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवरून या गावाहून त्या गावाला जाते, त्यांच्याकडे जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. बापजाद्यांना कुठल्याच गावाने टिकू दिले नाही आणि नातवाला विचारायचे, तुमचे गाव कोणते? ही अट बदललीच पाहिजे, आणि भटक्यांचे दाखले त्यांच्या पालांवर जाऊन दिले पाहिजेत.

न्यायालयाने राज्यांना कारागृह नियमावली दुरुस्त करायला तीन महिने दिले होते. गावाच्या नजरेला अशी मुदत कुणी घालून देणार नाही. ते काम सरपंचांनी, पोलीस पाटलांनी आणि शिक्षकांनी ग्रामसभेत उभे राहून करायचे आहे. धुळे जिल्ह्यातच, सुरत-भुसावळ लाइनवरच्या नरडाणे स्टेशनवर रोज किती अनोळखी माणसे उतरतात! त्यांतला कुणी भगव्या कपड्यांतला, खांद्याला झोळी लावलेला माणूस उद्या आपल्या गल्लीत आला आणि एखाद्या लेकराशी बोलला, तर त्याला आधी पाणी विचारा. तरीही संशय वाटला तर ११२ वर फोन लावा आणि पोलीस येईपर्यंत त्याच्या अंगाला कुणाचा हात लागू देऊ नका.