देऊन मोकळा झालेला कुबेर

श्रीमंतांच्या दानाचा विषय निघाला की दोन फळ्या लगेच समोरासमोर उभ्या राहतात. एकीला प्रत्येक दाता कर्णाचा अवतार वाटतो. दुसरीला प्रत्येक देणगी म्हणजे गाय मारून जोडे दान. चक फीनी या अमेरिकी माणसाचं आयुष्य दोन्ही फळ्यांची पंचाईत करतं, म्हणूनच त्याची नीट उलटतपासणी व्हायला हवी.

आधी हकिगत थोडक्यात. फीनींचा जन्म 1931 चा, न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ गावच्या आयरिश वंशाच्या कष्टकरी घरातला. हवाई दलात रेडिओ ऑपरेटर म्हणून नोकरी केली, माजी सैनिकांच्या शिष्यवृत्तीवर कॉर्नेल विद्यापीठात हॉटेल व्यवस्थापन शिकले. 1960 मध्ये रॉबर्ट मिलर यांच्याबरोबर ‘ड्यूटी फ्री शॉपर्स’ हा धंदा काढला. 1964 मध्ये जपानने आपल्या नागरिकांना परदेशी हिंडायची मोकळीक दिली आणि हाँगकाँग, हवाईतल्या त्यांच्या दुकानांत मद्य आणि अत्तरं घेणाऱ्या जपानी पर्यटकांची रीघ लागली. त्या नफ्यातून 1980 मध्ये ‘जनरल अटलांटिक’ ही गुंतवणूक कंपनी उभी राहिली. संगणक आणि सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या वाढत्या कंपन्यांत पैसा लावणाऱ्यांत आज तिचं नाव मोठं आहे. 1982 मध्ये ‘अटलांटिक फिलांथ्रॉपीज’ हे प्रतिष्ठान सुरू झालं, आणि 23 नोव्हेंबर 1984 रोजी बहामा बेटांवर कागदपत्रांवर सह्या करून फीनींनी धंद्यातला आपला 38.75 टक्के हिस्सा त्या प्रतिष्ठानाच्या नावे केला. त्यानंतर चार वर्षांनी ‘फोर्ब्स’ने त्यांना अमेरिकेतल्या पहिल्या पंचवीस धनवंतांत बसवलं, तेव्हा त्यांच्या नावावर ती संपत्ती नव्हतीच. 2020 मध्ये, 8 अब्ज डॉलरहून अधिक वाटून झाल्यावर, प्रतिष्ठानाने आपलं दार कायमचं बंद केलं. 2023 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत फीनी वारले.

आता पूर्वपक्ष. पहिला आक्षेप असा: आधी कर टाळायचा आणि मग उरलेल्यातून पुण्य जोडायचं, हा कसला परोपकार? आक्षेप पोकळ नाही. ड्यूटी फ्री हा धंदाच मुळी करमाफीच्या फटीत उभा. अमेरिकी कर लागू नये म्हणून त्यातली मालकी फ्रेंच नागरिक असलेल्या पत्नी डॅनिएल यांच्या नावे ठेवलेली. पुढे प्रतिष्ठानही बर्म्युडात. हे कायद्यात बसत होतं, पण कायद्यात बसणारी प्रत्येक गोष्ट न्याय्य असते असं नाही, आणि या बाबतीत फीनींचं वकीलपत्र घ्यायची मला गरज वाटत नाही.

मात्र आक्षेप घेणारे दोन वेगळी खाती एकत्र करतात. अमेरिकेतला श्रीमंत देणगी देतो तेव्हा तिच्यावर करसवलत घेतो. म्हणजे देणगीचा काही भार सरकारी तिजोरीच उचलते आणि इमारतीवर नाव मात्र दात्याचं लागतं. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच. फीनींनी गुप्ततेसाठी प्रतिष्ठान बर्म्युडात नेलं आणि त्यापायी या देणग्यांवरची सवलत गमावली. तेव्हा कर वाचवायला दान केलं, हा आरोप त्यांना चिकटत नाही. मिळकतीच्या वाटेचा दोष मिळकतीच्या खात्यावर जरूर मांडा. दानाच्या खात्यावर प्रश्न वेगळा आहे: गेलेला पैसा खरोखर लोकांचा झाला का?

इथे दुसरा, अधिक वजनदार आक्षेप येतो. कुणी निवडून न दिलेल्या माणसाने कोणत्या देशात रुग्णालय व्हावं, कोणत्या विद्यापीठात संशोधन व्हावं, हे का ठरवावं? अटलांटिकने तर उघड राजकीय बाजूही घेतली. ओबामांच्या आरोग्यविमा कायद्यासाठी झगडणाऱ्या संघटनांच्या आघाडीला तिने सुमारे 2.7 कोटी डॉलर दिले. हाच पैसा विरुद्ध बाजूला गेला असता तर आज टाळ्या वाजवणारे काय म्हणाले असते?

या आक्षेपाला सरसकट उत्तर नाही. दान कसं केलं ते पाहावं लागतं. 1998 मध्ये आयर्लंडच्या विद्यापीठांतल्या संशोधनासाठी अटलांटिकने 7.5 कोटी आयरिश पौंड देऊ केले, पण तेवढेच सरकारने घालावेत या अटीवर. सरकारने ते घातले, संस्थांमध्ये स्पर्धा लावून निधी वाटला गेला आणि पुढच्या फेऱ्यांत संशोधनाचा खर्च हा सरकारी अर्थसंकल्पाचा नेहमीचा विषय झाला. इथे दात्याने सरकारचं काम हिसकावलं नाही, सरकारला कामाला लावलं. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीबाधितांच्या औषधांसाठी स्वतःच्या सरकारला न्यायालयात खेचणाऱ्या ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ला अटलांटिकने पाठबळ दिलं. तिथेही निर्णय न्यायालयाने दिला आणि राबवायचा होता तो सरकारनेच. खासगी पैसा सार्वजनिक निर्णयाची जागा घेतो तेव्हा तो लोकशाहीला बाधतो. तो निर्णय घ्यायला भाग पाडतो तेव्हा बाधत नाही. सीमारेषा बारीक आहे, पण आहे.

टीकाकारांचं झालं. आता भक्तांकडे वळू, कारण फीनींवर जास्त अन्याय त्यांनीच केला आहे.

भक्त पहिल्यांदा सांगतात तो साधेपणा. पंधरा डॉलरचं प्लॅस्टिकचं कॅसिओ घड्याळ, विमानात स्वस्तातलं तिकीट, कागदपत्रं ठेवायला प्लॅस्टिकची पिशवी, भाड्याचं घर, गाडी नाही. सगळं खरं. पण यात दानाचा पुरावा कुठे आहे? याच माणसाने एके काळी अनेक देशांत आलिशान घरं बाळगली होती. आणि समजा, त्यांनी शेवटपर्यंत खासगी विमान ठेवलं असतं, तरी व्हिएतनाममधल्या दा नांगच्या रुग्णालयाला दिलेल्या पैशांचं मोल तसूभरही घटलं नसतं. साधेपणाच्या या गोष्टीचा एक छुपा तोटा आहे. ती बाकीच्या धनवंतांना पळवाट देते. फीनी म्हणजे संत, आपण संसारी माणसं, असं म्हटलं की हात जोडायचे आणि पुढे निघायचं. देव्हाऱ्यात बसवलेल्या माणसाचं अनुकरण कुणी करत नाही.

दुसरी आरती गुप्तदानाची. उजव्या हाताने दिलेलं डाव्या हाताला कळू नये, ही शिकवण आपल्याही अंगात मुरलेली आहे. फीनींनी सुमारे पंधरा वर्षं ती कसोशीने पाळली. देणगी घेणाऱ्या विद्यापीठांना पैसा कुणाचा हे सांगायची मुभा नव्हती. एकाही इमारतीवर त्यांनी आपलं नाव लावू दिलं नाही. ‘ड्यूटी फ्री शॉपर्स’मधला हिस्सा फ्रेंच कंपनी एलव्हीएमएचला विकताना भागीदारांत कोर्टबाजी झाली आणि गुपित फुटणार हे दिसलं, तेव्हाच, 1997 मध्ये, फीनी स्वतः बोलले.

नाव न लावणं आणि पैशाचा उगम लपवणं या दोन गोष्टींची भक्त गल्लत करतात. पहिली नम्रता आहे, दुसरी उत्तरदायित्वातून सुटका. सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 1920 मध्ये महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला 15 लाख रुपये दिले आणि त्याबरोबर विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव लागलं. नाव लावण्याचा हा आग्रह कुणाला खटकेल, पण पैसा कुणाचा, अट कोणती, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत होतं आणि त्यावर वादही घालता येत होता. एखाद्या लहान देशातल्या उच्च शिक्षणात कोट्यवधी ओतणारा हात कुणालाच दिसत नसेल, तर त्याला प्रश्न कोण विचारणार? फीनींनी स्वतःच पुढे ही भूमिका सोडली. इतर धनिकांनी अनुकरण करावं म्हणून त्यांनी कॉनर ओक्लेरी या पत्रकाराला आपलं चरित्र लिहू दिलं. ते 2007 मध्ये आलं. 2011 मध्ये बिल गेट्स आणि वॉरन बफे यांच्या ‘गिव्हिंग प्लेज’लाही पत्र लिहून पाठिंबा दिला. गुरूने टाकून दिलेलं व्रत शिष्य कवटाळून बसलेत, असा हा प्रकार.

मग फीनींचं मोठेपण कशात? माझं म्हणणं असं की ते त्यांच्या गुंतवणूकदार असण्यातच आहे.

तंत्रज्ञानात पैसा लावणारा गुंतवणूकदार चार गोष्टी जाणतो. कर्तबगार माणसं हेरायची, त्यांच्यामागे मोठी रक्कम लावायची, काम वाढतंय का ते मोजायचं आणि वेळ झाली की आपला हिस्सा मोकळा करून बाहेर पडायचं. या वर्गातून परोपकाराकडे वळलेली मंडळी पहिल्या तीन सवयी आवर्जून बरोबर आणतात. चौथी मात्र घरी ठेवतात. त्यांची प्रतिष्ठानं अमर असतात. मूळ निधी तसाच राहतो, व्याजातून देणग्या जातात, विश्वस्तपदं पिढ्यांत फिरतात. फीनींनी चौथी सवयही आणली. जपानची तेजी ओसरतेय हे दिसताच त्यांनी भरभराटीतल्या दुकानांतून अंग काढून घ्यायचा आग्रह धरला होता. तोच हिशेब त्यांनी दानाला लावला. 2002 मध्ये प्रतिष्ठानाने आपलं आयुष्य मर्यादित करायचं जाहीरपणे ठरवलं, 2016 मध्ये शेवटची देणगी दिली, चार वर्षांनी कुलूप लावलं. मधल्या काळात पैसा कुठे जावा यावरून संचालकांशी फीनींचे मतभेदही झाले. 1984 साली मालकी सोडली त्याचा हा अटळ परिणाम होता, आणि तो त्यांनी सोसला.

यावर उत्तरपक्षालाही सोसावा लागेल असा एक आक्षेप आहे. दुःखं संपलेली नसताना दात्याने का संपावं? अटलांटिक गेल्यावर आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अनेक स्वयंसेवी संस्थांची खरोखरच ओढाताण झाली. चौदा वर्षांची पूर्वसूचना सगळ्यांना पुरली नाही. चिरस्थायी दानाचा दाखला द्यायचा तर तोही घरचाच आहे. टाटांच्या विश्वस्त निधींनी मुंबईला 1941 मध्ये कर्करोगाचं रुग्णालय दिलं, ते आजही देशभरातल्या रुग्णांचा आधार आहे. पण ते टिकलं कसं, हेही पाहा. 1957 मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने ते आपल्याकडे घेतलं, 1962 पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. दात्याने उभं केलं, समाजाने आपलं मानलं आणि खर्चाचा वाटा उचलला, म्हणून ते टिकलं. दाखला चिरंजीव निधीच्या बाजूने दिला जातो, साक्ष मात्र तो उलट देतो.

हा वाद आपल्यापासून दूरचा नाही. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला 1945 मध्ये वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झालेली विप्रो पुढे संगणक कंपनी झाली. अझीम प्रेमजींनी 2019 पर्यंत तिच्यातल्या 67 टक्के समभागांचं उत्पन्न आपल्या प्रतिष्ठानाला देऊन टाकलं. त्यासह प्रतिष्ठानाला दिलेल्या एकूण निधीचं मोल तेव्हा सुमारे 1.45 लाख कोटी रुपये झालं. एवढी दानत भारतात दुर्मीळ आहे आणि तिच्याविषयी आदर बाळगूनच विचारायला हवं, की चालू कंपनीच्या समभागांवर उभा राहिलेला इतका अफाट निधी शिक्षणाचं काम पुढेमागे सरकारी शाळांच्या आणि तिजोरीच्या स्वाधीन करून मोकळा कधी होणार? की शाळाच त्याच्यावर अवलंबून राहतील?

पुण्यामुंबईच्या तंत्रज्ञान कंपन्यांतून निघालेले नवे धनवंत आता देणग्यांकडे वळत आहेत. सत्कारसमारंभात त्यांची चप्पल आणि घड्याळ पाहू नका. मालकी सोडल्याचा कागद मागा, हिशेब कुणासमोर मांडणार ते विचारा, आणि काम लोकांच्या हाती देऊन बाहेर पडायची तारीख लिहून घ्या. तारीख नसेल तर ते दान अजून झालेलं नाही. पैशाने फक्त खिसा बदलला आहे.