पहिला रणगाडा पुरा होणारा घ्या

अंधेरी-बोरिवलीकडे काय किंवा आमच्या घाटकोपर-मुलुंडच्या बाजूला काय, रणगाड्याचं प्लॅस्टिकचं मॉडेल करून बघावं असं वाटणारे लोक आता बरेच भेटतात. कुणी दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला असतो, कुणी नोकरीतून निवृत्त झालेले काका असतात, तर कुणी आई मुलाच्या वाढदिवसाला काय घ्यावं या विचारात असते. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, पहिला किट कोणता घ्यायचा? माझं उत्तरही एकच असतं. तुमच्या हातून पुरा होईल, असा घ्या.

हे सांगावं लागतं, कारण दुकानात गेल्यावर हात भलत्याच खोक्याकडे जातो. झाकणावर जर्मन टायगरचं चित्र असतं. आत इंजिन, गिअरबॉक्स, तोफगोळ्यांचे रॅक, सगळं असतं. ट्रॅकची प्रत्येक कडी सुटी, शिवाय पितळेच्या कागदासारख्या पत्र्यावर कोरलेले बारीक भाग वेगळे. अनुभवी माणसाला असा किट महिनोन्‌महिने पुरतो. नवख्या माणसाचा उत्साह मात्र ट्रॅकच्या शंभराव्या कडीवर संपतो, आणि खोकं माळ्यावर जातं. मुलगा असेल तर ‘आपल्याला हे जमत नाही’ हा समज त्याच्या मनात बसतो. म्हणून पालकांना कळकळीची विनंती आहे की, महाग ते चांगलं हा हिशोब इथे लावू नका.

आधी मापाचं बघू. रणगाड्यांच्या मॉडेलमध्ये सर्वांत जास्त चालतं ते १/३५, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचं माप. त्यामागे काही लष्करी शास्त्र नाही. जपानच्या शिझुओका शहरातल्या टॅमिया कंपनीनं १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पँथर रणगाड्याचा किट काढला. तो मोटरवर चालायचा. आत बॅटऱ्या मावतील एवढा आकार धरला, तो साधारण पस्तिसाव्या हिश्शाचा निघाला, आणि पुढे बाकीच्या कंपन्यांनीही तेच माप उचललं. शर्मन रणगाडा प्रत्यक्षात जेमतेम सहा मीटर लांब. १/३५ मध्ये तो सतरा सेंटिमीटरच्या आसपास होतो, १/४८ मध्ये बारा आणि १/७२ मध्ये आठ.

घर लहान आहे, म्हणून लहान मॉडेल घेऊ, असं बरेच जण म्हणतात. वन बीएचकेमध्ये राहणाऱ्या माणसाचा हा विचार मला समजतो, पण आकार लहान झाला म्हणून काम सोपं होत नाही. काम सोपं होतं ते भाग कमी असले तर. १/७२ मधलं एखादं चाक तांदळाच्या दाण्याहून थोडंच मोठं असतं, ते चिमट्यातून उडालं की पलंगाखाली शोधत बसा. १/४८ मधले टॅमियाचे किट देखणे असतात, पण त्यातल्या बऱ्याच किटमध्ये ट्रॅक तुकड्यातुकड्यांनी जोडावा लागतो. सुरुवातीच्या काही किटमध्ये तर खालचा सांगाडा धातूचा आहे, आणि धातूला प्लॅस्टिक जोडायचा सिमेंट धरत नाही. त्यामुळे मोठ्या मुलाला किंवा मोठ्या माणसाला मी १/३५ च सुचवतो. भाग हातात नीट धरता येतात, आणि झालेला रणगाडा पुस्तकांच्या कप्प्यात सहज मावतो. मूल दहाच्या आतलं असेल, तर झ्वेझ्दा कंपनीचे गोंदाशिवाय खटकन बसणारे लहान किट मिळतात का ते बघा. एअरफिक्सचे स्टार्टर सेटही या कामाला चांगले, त्यात रंग, ब्रश आणि गोंद बरोबरच येतो. ब्लेडनं कापायचं काम मात्र मोठ्यांनीच करायचं.

आता रणगाडा कोणता? दोन नावं सांगतो, दोन्ही टॅमियाची, १/३५ ची. पहिलं, एम-४ शर्मन, सुरुवातीच्या उत्पादनातला, किटचा क्रमांक ३५१९०. दुसरं, टी-५५ ए, क्रमांक ३५२५७. दोन्हींत ट्रॅक लवचीक पट्टीचे आहेत, म्हणजे कड्या जोडत बसायला नको. भाग एकमेकांत नेमके बसतात, फटी भरण्याची वेळ सहसा येत नाही. सूचनापत्रक चित्रांचं आहे, भाषा आली नाही तरी अडत नाही.

हे दोन निवडण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. हे रणगाडे आपल्या सैन्यानं लढवले आहेत. १९४५ साली ब्रह्मदेशात मेइक्तिलाच्या मोहिमेत प्रोबिन्स हॉर्स आणि रॉयल डेक्कन हॉर्स या भारतीय रेजिमेंट शर्मन घेऊन उतरल्या. वीस वर्षांनी, १९६५ च्या सप्टेंबरात, असल उत्तरला पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांपुढे डेक्कन हॉर्सचे शर्मन उभे होते. टी-५५ आपल्याकडे १९७१ च्या युद्धात छांबच्या आघाडीवर होते. पुढे आपल्या टी-५५ वर १०५ मिलिमीटरची तोफ बसवली गेली, आणि १९६५ चे शर्मनही किटमधल्या शर्मनहून वेगळ्या तोफेचे होते. पहिल्या मॉडेलला हा फरक मनावर घेऊ नका. हिरव्या रंगातला रणगाडा आणि त्यावर आपल्या रेजिमेंटची ओळख एवढं पुरे आहे. मुलाला जर्मन रणगाड्यांची नावं तोंडपाठ असतात आणि असल उत्तर कुठे आहे हे ठाऊक नसतं. ते समजावून द्यायला असा किट फार उपयोगी पडतो.

इथे कुणीतरी हमखास सेंच्युरियनचं नाव काढतं. काढायलाच हवं. मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर १९६५ मध्ये पूना हॉर्सचे सेंच्युरियन घेऊन फिलोऱ्याला भिडले. जखमी झाल्यावरही ते मागे गेले नाहीत आणि १६ सप्टेंबरला त्यांना वीरमरण आलं. त्याच रेजिमेंटचे, पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत ‘फामागुस्ता’ नावाच्या सेंच्युरियनमध्ये लढता लढता गेले. वय एकवीस. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. हा रणगाडा आपल्या हातानं करावा असं वाटणं अगदी साहजिक आहे. तरीही पहिल्या खेपेला सेंच्युरियन नको. १/३५ मध्ये तो एएफव्ही क्लब या कंपनीचा मिळतो. किट उत्तम आहे, पण बारीक भाग पुष्कळ आहेत आणि तो हात बसलेल्या माणसासाठी आहे. टॅमियाचा सेंच्युरियन १/२५ चा, म्हणजे आकारानं बराच मोठा. ‘फामागुस्ता’ करायचा तर नीट करायला हवा, म्हणून तो दुसरा किंवा तिसरा ठेवा. ‘पिप्पा’ सिनेमा बघून त्यातला पीटी-७६ रणगाडा मागणाऱ्यांनाही माझं हेच सांगणं आहे. दिसायला तो साधा आहे, पण किट घेण्याआधी ट्रॅक कसला आहे ते विचारा.

दुकानात खोकं हातात घेतलंत की झाकणावरचं चित्र सोडा आणि खोक्याच्या बाजू बघा. तिथे झालेल्या मॉडेलचे फोटो असतात, कधी आतल्या भागांचेही. ट्रॅक एकसंध आहे का, हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. टॅमियाच्या १/३५ च्या किटवर ३५ नं सुरू होणारा पाच आकडी क्रमांक असतो. तो ३५१०० च्या आतला असेल, तर साचा बहुतेक १९७०च्या दशकातला समजा. असे किट अजूनही विकले जातात आणि स्वस्तही मिळतात, पण काहींच्या तळाला जुन्या मोटरसाठी ठेवलेली भोकं असतात आणि ती बुजवावी लागतात. परदेशी किटवर आयात शुल्क आणि वाहतूक चढते, त्यामुळे एकाच किटची किंमत दोन ठिकाणी बरीच वेगळी असू शकते. दोन-तीन ठिकाणी चौकशी केल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि खोकं घेऊन संध्याकाळच्या गर्दीत लोकलला चढू नका. तोफेची नळी वाकलेली निघाली तर ती सरळ करणं नवख्याचं काम नव्हे.

हत्यारं थोडीच लागतात, आणि बहुतेक आपल्या आसपास मिळतात. भाग कापायला लहान साइड कटर हवा. इलेक्ट्रॉनिक्सवाले वायर कापायला वापरतात तोच, लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. स्टेशनरीच्या दुकानातला कटर, हार्डवेअरवाल्याकडचा चारशे आणि सहाशे नंबरचा पॉलिश पेपर, एक टोकदार चिमटा. ब्रश कॅम्लिनचे चालतील. दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेल्या या कंपनीचे बारीक सिंथेटिक ब्रश पहिल्या मॉडेलला पुरेसे आहेत. रंग मात्र मॉडेलसाठी बनवलेले पाण्यातले अ‍ॅक्रिलिक घ्या, कारण चित्रकलेचा रंग गुळगुळीत प्लॅस्टिकवर नीट धरत नाही.

गोंदाबाबत जरा थांबून सांगतो, कारण नवख्यांचं काम सगळ्यात जास्त इथे बिघडतं. फेव्हिकोल लाकूड-कागदासाठी आहे, प्लॅस्टिकला तो धरत नाही. फेव्हिक्विकनं भाग चिकटतो, पण लगेच घट्ट होतो, वाकडा बसला तर सरळ करायला वेळ देत नाही, आणि आजूबाजूला पांढरी धुरकट झाक सोडतो. या कामाला प्लॅस्टिक सिमेंट लागतो, पाण्यासारखा पातळ. तो चिकटवत नाही, प्लॅस्टिकच वितळवतो. दोन भाग कोरडेच एकमेकांवर बसवा, बोटांनी अलगद धरा, आणि बाटलीच्या झाकणातल्या ब्रशचं टोक फक्त सांध्याला टेकवा. सिमेंट आपोआप फटीतून धावत जातो, तो जाताना डोळ्यांना दिसतो. मग किंचित दाबलं की सांध्यातून वितळलेल्या प्लॅस्टिकची केसाएवढी रेघ वर येते. ती रेघ दिसली की सांधा पक्का झाला. वाळल्यावर ती हलकेच घासून टाकायची. बोट सांध्यावर ठेवू नका, नाहीतर सिमेंट बोटाखाली शिरतो आणि तुमचा ठसा रणगाड्यावर कायमचा उमटतो.

या सिमेंटची वाफ उग्र असते आणि ती पेट घेते. खिडकी उघडी ठेवा, आणि गॅसजवळ किंवा देवघरातल्या दिव्याजवळ बाटली उघडू नका. लहान घरात हे विसरायला होतं, म्हणून मुद्दाम लिहितो.

कापण्याचंही एक तंत्र आहे. भाग चौकटीतून सुटा करताना पहिला काप भागापासून लांब द्यायचा, आणि उरलेलं टोक दुसऱ्या कापात भागालगत काढायचं. एकाच झटक्यात लगत कापलं की प्लॅस्टिकवर पांढरा डाग पडतो, कधी भागच तुटतो. चाकं खूप असतात, तिथे कंटाळा येतो. चाकांसाठी एक संध्याकाळ वेगळी काढा आणि त्या दिवशी दुसरं काही करू नका.

रंग देताना आपल्या हवेचा विचार करा. जून ते सप्टेंबर जुळवाजुळवीला उत्तम काळ आहे. स्प्रेचा प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, मात्र पावसात मारू नका. त्यातला द्रावक भराभर उडतो, त्यामुळे पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतली ओल बसते आणि रंग पांढरट होतो. दसऱ्यानंतरची कोरडी दुपार बघा, किंवा पावसात थांबवतच नसेल तर हातानं लावायचा प्रायमर घ्या. हिरव्या रंगाचे दोन पातळ हात द्या, मध्ये पुरेसा वेळ जाऊ द्या. चाकं आणि ट्रॅक वेगळे रंगवून शेवटी बसवा. आकडे आणि चिन्हं पाण्यात भिजवून सरकवायची असतात. ती कागदावरून सुटायला लागली की आधी पंखा बंद करा.

आणखी एक करा. किट अर्धा झाला की मुलांना घेऊन अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला जा. तिथलं कॅव्हलरी टँक म्युझियम सैन्याच्या आर्मर्ड कोअरनं १९९४ मध्ये उभं केलं. सेंच्युरियन, शर्मन, पकडून आणलेला पॅटन, आपला विजयंता, हे सगळे तिथे हातभर अंतरावरून बघता येतात. चाकाचं रबर कुठे झिजतं, वेल्डिंगची शीर किती जाड असते, रंग कुठून आधी उडतो, हे बघून आलेल्या मुलाचा ब्रश घरी वेगळा चालतो.

शेवटची विनंती नव्या माणसांना नाही, जुन्या माणसांना आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या कपाटात न उघडलेले किट पडून आहेत, त्यात एखादा साधा शर्मन किंवा टी-५५ असतोच. तुमच्या सोसायटीत, शेजारच्या मजल्यावर कुणी मूल विचारत असेल, तर तो त्याला द्या. नुसता देऊ नका, पहिल्या रविवारी तासभर शेजारी बसून पहिला सांधा कसा जोडायचा तेवढं दाखवा. सिमेंटची बाटली तुमची तुमच्याकडेच राहू द्या, म्हणजे पुढच्या रविवारी ते मूल पुन्हा येईल.