इस्मे यांना जाब विचारायचा तो कशाचा?

टायटॅनिक बुडाली, दीड हजारांच्या आसपास माणसे मेली आणि कंपनीचा प्रमुख मात्र वाचला. एवढ्या एका गोष्टीवरून जे. ब्रूस इस्मे यांचे नाव १९१२ पासून काळवंडले आहे. हर्स्टच्या अमेरिकन वृत्तपत्रांनी त्यांना पशू म्हटले, १९४३च्या नाझी चित्रपटाने लोभी खलनायक केले. १९९७च्या चित्रपटातला होडीत हळूच सरकणारा इस्मे तर आपल्याकडेही घरोघर ठाऊक आहे. माझ्या मते हा आरोप चुकीचा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याने खरा आरोप झाकून टाकला आहे.

पूर्वपक्ष असा: मालकाने जहाजाबरोबर बुडायला हवे होते. पण इस्मे मालक नव्हते. वडिलांनी उभारलेली व्हाइट स्टार लाइन १९०२ मध्येच जे. पी. मॉर्गन यांच्या संघाकडे गेली होती. इस्मे त्या संघाचे अध्यक्ष होते. शिवाय मालक असते तरी बुडून कोणाचा जीव वाचला असता? इस्मे ज्या होडीत चढले ती कॅनव्हासच्या कडांची घडीची होडी खाली सोडली जात असताना हाका मारूनही जवळपास कोणी बाई उरली नव्हती, अशी त्यांची साक्ष आहे. त्याच होडीत बसलेल्या विल्यम कार्टर यांनीही त्यांची बाजू घेतली. उलट सांगणारे साक्षीदार आहेत, हे मान्य. पण सगळी साक्ष तपासून लॉर्ड मर्सी यांच्या ब्रिटिश चौकशीने निष्कर्ष काढला, तो असा की ते चढले नसते तर मृतांत आणखी एकाची भर पडली असती, इतकेच. पहिल्या वर्गातले पन्नासहून अधिक पुरुष वाचले. त्यांतल्या बहुतेकांची नावेही कोणाला आठवत नाहीत.

वेगाच्या विक्रमासाठी त्यांनी कप्तानाला भरीस घातले, हा दुसरा आरोप. तोही टिकत नाही. क्युनार्ड या प्रतिस्पर्धी कंपनीची मॉरिटेनिया सव्वीस नॉटने धावत होती आणि टायटॅनिक त्या शर्यतीसाठी बांधलेलीच नव्हती. स्वच्छ हवेत बर्फाच्या इशाऱ्यानंतरही वेग न उतरवणे ही त्या काळच्या कप्तानांची रूढीच होती. तिला बळी पडलेले कप्तान स्मिथ जहाजाबरोबर गेले आणि १९१४ मध्ये लिचफील्डला त्यांचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. ज्याच्या हाती जहाज होते त्याला पुतळा आणि जो प्रवासी म्हणून होता त्याला आयुष्यभर शिव्या, हा न्याय मला अजिबात पटत नाही.

मग इस्मे निर्दोष का? मुळीच नाही. दुपारी बाल्टिक जहाजाकडून आलेली बर्फाची तार कप्तानाने त्यांना दिली आणि ती संध्याकाळपर्यंत त्यांच्या खिशात राहिली. प्रवासी म्हणवणाऱ्या माणसाच्या खिशात ती का असावी? आणि याहून मोठा दोष जहाज जिथे बांधले गेले त्या बेलफास्टमधला आहे. ब्रिटनचे नियम दहा हजार टनांवरच्या कोणत्याही जहाजाला सोळा होड्यांवर सोडून देत; टायटॅनिक होती शेहेचाळीस हजार टनांची. वीस होड्या, जागा ११७८, आणि जहाजावर सुमारे बावीसशे माणसे. जास्त होड्या पेलतील अशा याऱ्यांचा आराखडा जहाजाचे रचनाकार अलेक्झांडर कार्लाइल यांनी तयार करून घेतला होता. त्यांनी चौकशीत सांगितले की जहाजाच्या सजावटीवर तासन्‌तास चाललेल्या बैठकीत होड्यांच्या वाट्याला पाच-दहा मिनिटे आली. त्या बैठकीला इस्मे होते. तिथे घाई नव्हती, काळोख नव्हता, बर्फ नव्हते. विचार करायला हवा तेवढा वेळ होता.

‘नियमापेक्षा आम्ही जास्तच दिल्या’ हे कंपनीचे उत्तर कायद्याला पुरले. प्रत्येकाला होडीत जागा हवी, हे १९१४च्या लंडन परिषदेत ठरले, तेही इतकी माणसे गेल्यावर. इस्मे यांना आरोपीच्या पिंजऱ्यात जरूर उभे करा. पण प्रश्न होडीतल्या त्यांच्या एका जागेचा विचारू नका. ज्या हजारभर जागा जहाजावर कधी आल्याच नाहीत, त्यांचा विचारा.