चर नसलेले शेत

अर्धापूरकडे हिराकस कोणाला ठाऊक नाही? चुनखडीच्या रानात केळीची नवी पाने पिवळी पडली की आपण तो फवारतो. फवारा कडक झाला तर पाने करपतात. गरोदर बाईला दवाखान्यातून मिळणारी लाल गोळी याच जातीच्या लोहाची असते. (म्हणून शेतातला हिराकस कोणी चाखायचा नाही!)

आपल्या अंगात सगळे मिळून तीन-चार ग्रॅम लोह असते, एका खिळ्याएवढे. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे 120 दिवस जगतात. त्या मेल्या की शरीर त्यांतले लोह काढून नव्या पेशींना लावते. रोज बाहेर जाते ते जेमतेम एक मिलिग्रॅम, पाळी येणाऱ्या बाईचे थोडे जास्त. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोयच नाही. राखण आहे ती दारावर. साठा पुरेसा झाला की यकृत हेप्सिडिन नावाचे द्रव्य सोडते आणि आतडे लोह कमी घेते. पाणी घ्यायचे दार आहे, पण निचऱ्याचा चर नाही, असे हे शेत.

भाजीभाकरीने ते सहसा चिबडत नाही. थॅलेसेमियाच्या ज्या मुलांना वरचेवर रक्त द्यावे लागते, त्यांचे चिबडते. रक्ताच्या एका पिशवीतून 200 मिलिग्रॅमच्या आसपास लोह येते आणि यकृतात, हृदयात साठते. पोर फिकट दिसते म्हणून त्याला आपल्या मनाने लोहाची गोळी देऊ नका.

खरी भीती घरातल्या पाकिटाची. एका लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असते. दहा किलोच्या लेकराने गोड समजून दहा गोळ्या गिळल्या तर जिवावर बेतते, कारण एवढ्या लोहापुढे दारावरची राखण टिकत नाही. आधी उलट्या, कधी रक्ताची हगवण. मग काही तास लेकरू शांत होते, खेळूही लागते. आजी म्हणते, उतार पडला. इथेच घात होतो! त्याच वेळात यकृत नासत असते. उलटी करवण्यासाठी मिठाचे पाणी पाजत बसू नका. पाकिटातल्या रिकाम्या जागा मोजा, पाकीट बरोबर घ्या, 108 ला फोन करा आणि लगेच दवाखाना गाठा. लोह बांधून बाहेर काढणारे औषध आहे, पण ते वेळेवर मिळाले पाहिजे.

हे वाचून सुनेची गोळी बंद करू नका. गरोदरपणी लोह लागतेच. चहाबरोबर नको, जेवणात लिंबू पिळून घ्यावे. शौचाला काळे होते, त्याला घाबरू नये. आठवड्याची निळी गोळी चुकली तर शाळेतल्या मुलीने दोन-तीन एकदम गिळू नयेत. आणि पाकीट कोनाड्यात नको, कुलपाच्या पेटीत ठेवा.